अननोन आर्टिस्ट, मुक्काम पोस्ट खानदेश

नवं संगीत कसं शोधावं, यावर हल्ली पुण्या-मुंबईत फार गांभीर्यानं बोललं जातं. एकाला गेल्या आठवड्यात आइसलंडचा गायक सापडलेला असतो. दुसऱ्याला मालीच्या वाळवंटातला गिटारवाला सापडतो. तिसरा नुसताच मंद हसतो, कारण त्याला सापडलेला वादक इतका दुर्मिळ असतो की नाव सांगितलं तर तो दुर्मिळ राहणार नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, आइसलंडचा तो गायक इतकी वर्षं या गृहस्थांची वाट बघत बर्फाखाली दबा धरून बसला होता. या शोधाला शिस्तही कडक असते. आज जाझ, उद्या रेगे, परवा सूफी. अल्बम ऐकायचा तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये उठायचं नाही, बायकोच्या हाकेला ओ द्यायची नाही. जळगाव-धुळ्याकडे एवढी तपश्चर्या कोणी करत नाही, कारण इथली अडचण नेमकी उलटी आहे. इथे गाणं शोधावं लागत नाही. ते चुकवावं कसं, हा प्रश्न आहे. एसटीत, काळी-पिवळीत, कानबाईच्या जागरणात, उरुसात, जयंतीत, आणि लग्नसराईत तर दिवसातून तीनदा, गाणं माणसाला गाठतंच. माझं म्हणणं एवढंच, की तऱ्हेतऱ्हेचं संगीत कानावरून जाण्यासाठी हे न मागता, न निवडता ऐकणं कुठल्याही निवडक ऐकण्यापेक्षा सरस आहे. आवडीनं माणसाचे कान अरुंद होतात, नाइलाजानं रुंद.

पुरावा म्हणून मे महिन्यातली कुठलीही वरात घ्या. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून २५ मिनिटांचा छापलेला आहे, घड्याळात पावणेदोन झालेत, पारा ४४ च्या पुढे आहे आणि नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन परत येतो आहे, म्हणजे येण्याच्या बेतात आहे. पुढे छोटा टेम्पो, त्यावर चार भोंगे, मागे जनरेटर, आणि टेम्पोच्या कडेला टेकून, डोक्यावर ओला रुमाल टाकून बसलेला कॅसिओवाला. सुरुवात गणपतीच्या गाण्यानं, मग सप्तशृंगीचं एक, कारण देवीला डावलून खानदेशात काही करता येत नाही. मग अहिराणी गाणं, आणि ते सुरू होताच इतका वेळ मानपानावरून रुसलेला नवरदेवाचा मामा कोणी न बोलावता रिंगणात उतरतो. शहादा-शिरपूरकडची पाहुणेमंडळी असतील तर टिमली वाजते आणि माणसं हातात हात घालून रांगेनं डोलायला लागतात. पाठोपाठ एक भांगडा, ज्यातला शब्द कोणाला कळत नाही आणि त्याची खंतही कोणाला नाही. मग कव्वालीचा तुकडा. मग ‘नागिन’ची बीन, तेव्हा एक धडधाकट, दोन मुलांचा बाप असलेला गृहस्थ रुमालाचं एक टोक दातात धरून भर डांबरावर आडवा होतो. शेवटी मांडवाच्या दारात ‘सूरज’ चित्रपटातलं रफीचं स्वागतगीत, जे १९६६ पासून अखंड वाजत आलं आहे आणि ज्याच्यावाचून लग्न कायदेशीर ठरत नाही, असा बँडवाल्यांचा समज आहे. अंतर अर्धा किलोमीटर. तेवढ्यात भक्तिसंगीत, लोकसंगीत, आदिवासी नृत्यसंगीत, भांगडा, कव्वाली आणि चित्रपटसंगीताचे दोन कालखंड आटोपले. परदेशातल्या रेकॉर्डच्या दुकानात एवढ्यासाठी जिने चढावे लागतात. इथे पानटपरीपाशी उभं राहिलं तरी भागतं.

ही सरमिसळ वधूपित्याच्या रसिकतेतून आलेली नाही, नकाशातून आली आहे. मुंबईहून आग्ऱ्याला जाणारा रस्ता आणि सुरतेहून नागपूरला जाणारा रस्ता एकमेकांना धुळ्यात छेद देतात. त्यामुळे पंजाबचा, राजस्थानचा, हरियाणाचा ट्रक धुळ्याच्या ढाब्यावर थांबला, की त्याच्या केबिनमधलं गाणंही शेवभाजी खायला खाली उतरतं. तिकडे भुसावळ जंक्शन. तिथल्या रेल्वेच्या चाळींत देशाच्या निम्म्या भाषा एका नळावर पाणी भरत आल्या. उत्तरेला सातपुड्याचे पावरा आणि भिल्ल, पश्चिमेला साक्रीच्या डोंगरात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात घुमणारं पावरी हे वाद्य, त्यापलीकडे गुजरात, वर निमाड. अशा ठिकाणी संगीताचे ‘प्रकार’ पाडायला बसणाऱ्याचे हाल होतात, आणि हे नवं नाही. ग्रिअर्सनसाहेबानं भारतीय भाषांची पाहणी केली तेव्हा खानदेशी कुठे ठेवावी हे ठरवताना त्यानं ती मराठीच्या खंडात न घालता १९०७ च्या भिल्ल भाषांच्या भागात नेऊन बसवली. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली गेली आणि १८ लाखांहून जास्त लोकांनी ती आपली मातृभाषा सांगितली. तरीही गाण्याच्या अॅपवर भाषा निवडायला सांगतात तेव्हा मराठी, गुजराती, भोजपुरी, हरियाणवी अशी यादी येते, आणि शिरपूरचा पोरगा आपण नेमके कोणत्या भाषेत झुलतो हे न सांगताच पुढे जातो. अॅपची यात काही चूक नाही. ग्रिअर्सनचं झालं तेच त्याचं झालं.

न निवडता ऐकण्यातून केवळ वरातीतला मामा तयार होतो, असा कोणाचा समज असेल तर शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरचं उदाहरण देतो. लता मंगेशकरांच्या मातोश्री थाळनेरच्या. तिथले गुजराती शेठ हरिदास लाड हे लताबाईंचे आजोबा. पावागडचे गरबे आणि गुजराती लोकगीतं लताबाई आपल्या आईच्या आईकडून शिकल्या. वडील मास्टर दीनानाथ बलवंत संगीत मंडळीचे मालक, घरात नाट्यपदांची तालीम, आणि त्याच घरात आजीचा गरबा. ‘आता पश्चिम भारतातील लोकसंगीत हा विभाग ऐकून पाहू’ असं त्या मुलीनं ठरवलं नव्हतं. आजी गात होती आणि आजीला ‘पुढचं गाणं’ हे बटण नव्हतं. तीच गत बालगंधर्वांची. नारायण राजहंस लहानपणी काही काळ जळगावात नातेवाइकांकडे होते आणि तिथे महबूबखाँकडे त्यांचे गाण्याचे पहिले धडे झाले. पुढे मराठी रंगभूमीला वेड लावणारा गळा आपल्या गावात तालीम करतो आहे, हे त्या वेळच्या जळगावकरांना माहीत नव्हतं. शेजारच्यांनी बहुधा खिडकी लावून घेतली असेल. शास्त्रीय संगीत खानदेशात कुठून ऐकायला मिळणार, असं विचारणाऱ्यांना दर जानेवारीत जळगावात भरणाऱ्या बालगंधर्व संगीत महोत्सवाचा रस्ता दाखवावा आणि हा मुद्दा इथेच सोडावा.

‘शोध लागणे’ या प्रकाराविषयीच मला थोडी शंका आहे, आणि ती बहिणाबाईंमुळे आहे. बहिणाबाई चौधरी १८८० साली आसोद्याला जन्मल्या, जळगावला नांदल्या, अक्षरओळख नव्हती, आणि शेतात, जात्यावर, चुलीपाशी गात राहिल्या. मुलानं, म्हणजे कवी सोपानदेवांनी, ती गाणी उतरवून ठेवली होती. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे थक्क झाले आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. महाराष्ट्राला एका थोर कवयित्रीचा शोध लागला! पण जळगावच्या चौधरी वाड्यात, आजूबाजूच्या शेतांत, बरोबरीनं निंदणी करणाऱ्या बायांना तो केव्हाच लागलेला होता. फक्त त्यांनी त्याला शोध म्हटलं नाही, गाणं म्हटलं. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या चालीवर आशाबाईंनी ते शब्द गायले, नंतर यशवंत देवांच्या चाली आल्या, उत्तरा केळकरांचा आवाज आला, २०१८ साली विद्यापीठालाही बहिणाबाईंचं नाव मिळालं. म्हणजे एखाद्या गायकाचा शोध लागतो तेव्हा बहुतेक वेळा एवढंच घडलेलं असतं, की जी बातमी एका गावात जुनी झाली ती दुसऱ्या गावात उशिरा पोहोचली. अलीकडे ‘हाई झुमका वाली पोर’ या अहिराणी गाण्यावर सगळा देश मोबाइलसमोर उभा राहून कंबर हलवू लागला, तेव्हाही मुंबईच्या वर्तमानपत्रांना ‘खानदेशी गाण्यांची लाट’ दिसली. त्याआधी गळालेल्या केसांच्या बदल्यात फुगे देणाऱ्या बबल्याचं गाणं इथल्या प्रत्येक हळदीत वाजून गेलं होतं. लाट किनाऱ्यावरच्या माणसाला दिसते. पाण्यातला आधीच भिजलेला असतो.

आता अल्बम. जाणकारांची तक्रार अशी, की हल्ली सुटी गाणी ऐकली जातात, अल्बमची अखंडता हरवली. १९६७ साली बीटल्सनं एका सूत्रात बांधलेला ‘सार्जंट पेपर’ काढला तेव्हापासून अल्बम ही एक संपूर्ण कलाकृती मानायची पद्धत पडली. खानदेशात तोपर्यंत पोरीबाळी गुलाबाईचा अल्बम दरवर्षी सादर करतच होत्या. काही घरांत ती गुलाबाई, काही घरांत भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला बसते ते कोजागरीला उठते. महिनाभर रोज संध्याकाळी ठरलेल्या क्रमानं गाणी, पहिलं गाणं पहिलंच, शेवटचं शेवटीच, आणि शेवटच्या गाण्यानंतर झाकलेल्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायचं. जगातल्या एकाही रेकॉर्ड कंपनीला अल्बम शेवटपर्यंत ऐकवण्याची इतकी खात्रीची युक्ती सापडलेली नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येते. तिचं जागरण हा रात्रभराचा डबल अल्बम. आखाजीला झोक्यावरची गाणी, ती झोक्याच्या लयीतच म्हणता येतात, खुर्चीत बसून म्हणायला गेलं तर चाल सापडत नाही. इथे गाण्याचे कप्पे शैलीवर पडत नाहीत, प्रसंगावर पडतात. हे मागासलेपणाचं लक्षण मानलं जात होतं, पण गंमत अशी की अॅपवाल्यांनीही आता शैलीचे कप्पे मागे टाकून ‘पावसाळी संध्याकाळ’, ‘व्यायाम’, ‘ब्रेकअप’, ‘लाँग ड्राइव्ह’ अशा याद्या करायला घेतल्या आहेत. कोट्यवधी डॉलर खर्चून ही मंडळी आखाजीपर्यंत पोहोचली. कोजागरीपर्यंतही येतील.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. अहो, अॅपवर जगातलं सगळं संगीत बोटाच्या टोकावर असताना वरातीचं कौतुक कसलं? बरोबर. मोठी अॅपं आपल्याकडे १० कोटी गाणी असल्याचं सांगतात. एक गाणं सरासरी ३ मिनिटांचं धरा. झोप, जेवण, नोकरी सोडून अहोरात्र ऐकलं तर हा साठा संपायला सुमारे ५७० वर्षं लागतील. म्हणजे खानदेशावर फारुकी सुलतानांचं राज्य होतं तेव्हा, त्यांच्या पहिल्या राजधानीत, याच थाळनेरात, कोणी कानात बोंडुक घालून बसला असता, तर तो आत्ता कुठे मोकळा झाला असता, आणि त्याला आधी हेच सांगावं लागलं असतं की मधल्या काळात अकबर येऊन गेला. १० कोटी गाण्यांपुढे बसलेला माणूस करतो काय? कॉलेजात ऐकलेली ५० गाणी पुन्हा लावतो. अॅप ते बघतं आणि त्या ५० सारखीच आणखी ५० पुढे करतं. हे यंत्र आज्ञाधारक नोकरासारखं आहे. साहेबाला जे आवडतं तेच आणून देतं, आणि साहेब समजतो आपला व्यासंग वाढला. टिमली न आवडणाऱ्याला अॅप जन्मात टिमली ऐकवणार नाही. वरात विचारतच नाही.

दुसरा आक्षेप आवाजाचा, आणि तो खरा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. डीजेच्या भिंतीसमोरून जाताना खिडक्यांच्या काचा आणि आजोबांचं हृदय एकाच तालात थडथडतं तेव्हा ही मर्यादा कोणत्या ग्रहासाठी लिहिली होती, असा प्रश्न पडतो. या बाबतीत मी पूर्णपणे आजोबांच्या बाजूनं आहे. पण आवाज किती हा एक प्रश्न, वाजतं काय हा दुसरा. डीजेच्या भिंतीनं नुकसान आवाजानं केलं तेवढंच विविधतेचंही केलं. टेम्पोवरचा कॅसिओवाला समोरचं वऱ्हाड बघून गाणं बदलत असे. कोपऱ्यावर टिमलीवाले दिसले की टिमली, म्हाताऱ्या आत्याबाई दिसल्या की जुनं भजन. डीजेचा पोरगा घरूनच पेन ड्राइव्हमध्ये मिक्स करून आणतो आणि मग वऱ्हाडानं काहीही करावं, त्याचं बोट हलत नाही. म्हणजे तोही एक प्रकारचं अॅपच, फक्त त्याला जनरेटर लागतो.

तिसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. न मागता ऐकवणं एवढं गुणकारी असेल, तर बाळकृष्ण केसकरांचं काय चुकलं होतं? १९५२ साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या केसकरांनी हलकी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केली आणि देशाला शास्त्रीय संगीत ऐकवायचं ठरवलं. हेतू चोख होता. देशानं काय केलं? रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावलं, ‘बिनाका गीतमाला’ ऐकली, आणि अखेर सरकारला १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. मग लादणं इथे फसलं आणि वरातीत कसं चाललं? उत्तर असं, की केसकरांचं लादणं एका हाताचं होतं आणि एकाच प्रकारचं होतं. वरातीवर कोणाची सत्ता नसते. नवरदेवाच्या मित्रांना एक हवं असतं, वरमायेला दुसरं, भाचरांना तिसरं, बँडवाल्याला आपलं बसलेलं गाणं वाजवायचं असतं, आणि या ओढाताणीत कोणालाच पूर्ण मनासारखं मिळत नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचं गाणं ऐकावं लागतं, ते त्याचं आपलं येईपर्यंत. संगीताच्या विविधतेला एवढी लोकशाही पुरते. तिला मंत्री लागत नाही, आणि आवडनिवड ओळखणारं यंत्र तर नाहीच नाही.

चौथ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. या सगळ्या ऐकण्यात गाणाऱ्याचं नाव कुठे आहे? जळगावच्या गोलाणी मार्केटात मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा जोरात होता, त्या काळची कार्डं आजही कपाटांच्या खणात सापडतात. ती उघडून बघा. ‘अहिराणी मिक्स’, ‘नवीन डीजे’, ‘दर्दभरे’, ‘भीमगीते २’, ‘आई’ अशी खाती, आणि प्रत्येक गाण्याखाली कलाकाराच्या जागी एकच नाव: अननोन आर्टिस्ट. हा खानदेशातला सर्वाधिक ऐकला गेलेला गायक. तो भजन म्हणतो, लावणी म्हणतो, कव्वाली म्हणतो, पुरुषाच्या आवाजात गातो, बाईच्याही गातो, आणि मानधन मागत नाही. रस्त्यावर आडवा होऊन नागीण झालेल्या त्या गृहस्थाला कोणी सांगितलेलं नसतं, की १९५४ च्या ‘नागिन’चे संगीतकार हेमंतकुमार, आणि ती बीन बीनच नव्हे, तरुण कल्याणजींनी क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवलेली ती धून आहे, साथीला रवी यांची पेटी. सत्तर वर्षं एक अख्खा देश चुकीच्या वाद्यावर डुलतो आहे. मजा कमी होत नाही, पण कल्याणजींचं देणं राहतं.

पूर्वीच्या लोकांना हा धोका कळलेला होता. गौहर जान १९०२ साली ग्रामोफोनवर गायली तेव्हापासून गाणं संपताना इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगत असे. ध्वनिमुद्रिका परदेशात तयार होऊन यायच्या, तिथल्या कारागिराला चिठ्ठी कोणाची लावायची ते कळावं म्हणून. आज ही अक्कल फक्त डीजेकडे उरली आहे. दर अर्ध्या मिनिटाला तो आपलं आणि आपल्या गावाचं नाव गाण्याच्या अंगावर छापतो. गाणारा, लिहिणारा, वाजवणारा सगळे गळून पडतात, हा टिकतो. संतांनी तर याहून पक्की सोय केली होती. अभंगाच्या शेवटच्या चरणातच नाव ओवलेलं, ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’. फाइलला चिकटवलेली माहिती एका कार्डातून दुसऱ्यात जाताना पुसली जाते. चरणात शिवलेलं नाव काढायला गेलं तर वृत्त मोडतं. भीमगीतं लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांनीही गाण्याच्या शेवटी ‘वामन’ घालायची पद्धत ठेवली, म्हणून आज भोंग्यावरून गाणं आलं तरी वामनदादा ओळखू येतात. आणि तरीही त्यांच्याच परंपरेतले, मुक्ताईनगरचे प्रतापसिंग बोदडे यांची गाणी महाराष्ट्रभर आंबेडकर जयंतीला, १४ एप्रिलला, लाखोंच्या तोंडी असतात, पण जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला ‘हे कोणी लिहिलं’ विचारलं तर तो आपल्या जिल्ह्याबाहेरचं नाव सांगण्याची शक्यता जास्त. आपल्याच गल्लीतल्या कवीला आपणच अननोन करायचं आणि आइसलंडच्या गायकाचं आडनाव मात्र तीनदा सराव करून बिनचूक उच्चारायचं, हा मामला तितकासा विनोदी नाही.

या बाबतीत रेडिओचं ऋण मान्य करायला हवं. आकाशवाणीचं जळगाव केंद्र सत्तरच्या दशकात सुरू झालं. निवेदक गाणं लावण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार अशी तिन्ही नावं न चुकता सांगायचा, आणि फर्माइश असली तर पुढे गावोगावच्या श्रोत्यांची यादी. पिंटू, चिंटू, त्यांचे आईबाबा आणि सर्व मित्रपरिवार असा तो ताफा संपेपर्यंत गाण्याची सुरावट अर्धी निघून जाई, हे खरं. पण वांगी भाजता भाजता ऐकणाऱ्या बाईलाही शांता शेळके, सुधीर मोघे, राम कदम, वसंत पवार ही नावं पाठ झाली होती, ती या सक्तीच्या उजळणीमुळेच. ही नावंही तिनं निवडलेली नव्हती. गाण्याबरोबर तीही अंगावर आली. अॅप हीच नावं पडद्यावर बारीक अक्षरांत दाखवतं आणि फोन खिशात असतो. तेव्हा न निवडता ऐकण्याचा माझा पक्ष मी सोडत नाही. त्यात एक भर घालतो, की नाव तेवढं आपण होऊन विचारायचं.

म्हणून लग्नसराईत एवढं करा. वरात दारावरून जाईल तेव्हा कॅसिओवाल्याला तांब्याभर पाणी न्या, तो दोन्ही हात मोकळे करून पाणी पिईल तेवढ्या वेळात विचारा: हाई गानं कोन्हं शे, भाऊ? पहिल्यांदा तो सिनेमाचं नाव सांगेल, मग नाचणाऱ्या हिरोचं. तिसऱ्यांदा विचारा. माहीत असेल तर सांगेल, नसेल तर पुढच्या वरातीतल्याला विचारा. मे महिन्यात पुढची वरात फार लांब नसते. नाव कळलं, की घरी येऊन मोबाइलमधल्या त्या गाण्याला ते देऊन टाका. फाइलचं नाव बदलायला पैसे पडत नाहीत.